आईचा आकडा

मागचा रविवार, सकाळी साडेदहा. पासिर रिस, बेटाच्या पूर्व टोकाला ताईच्या इमारतीखालची मोकळी जागा. तुमच्या पुण्यानुमोदनाला हजर: तेवीस. त्यांत दोन लहान मुलं आणि एक चिनी आजोबा. आजोबा रोज त्याच जागी बसतात, आणि आम्ही सभोवती खुर्च्या मांडल्या तरी उठले नाहीत. अकरा वाजून चाळीस मिनिटांपर्यंत हशे: शून्य.

दाजी, ही नोंद वाचून तुम्ही म्हणाला असतात, "शून्य? मग नक्की माझाच कार्यक्रम."

तुमच्याशी बोलायचं कारण असं, की मी तुम्हाला एक आकडा चुकीचा सांगितला होता. नियमाने तो बरोबर होता. पण सत्तावीस वर्षं बंदरात जहाजांवरचा माल मोजल्यावर माणसाला एवढं कळतं, की नियमाने बरोबर असलेल्या आकड्यानेही समोरच्याला फसवता येतं. तुम्ही मंगळवारी गेलात. त्याच्या दोन दिवस आधी, वॉर्डमध्ये, नाकात नळी असताना तुम्ही मला विचारलंत, "मिलिंद, आईंचा आकडा?"

मी म्हटलं, "शून्य."

तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "छान. म्हणजे काम शिल्लक आहे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. ते आता सांगतो, पण क्रमाने, कारण मला दुसरं येत नाही.

तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे, प्रज्ञाताईचे, नवरे, म्हणून दाजी. सव्वासहा फूट उंच अमेरिकन माणसाला दाजी म्हणताना पहिलं वर्षभर मला अवघडायला व्हायचं. तुम्हाला कधीच झालं नाही. तुम्ही तो शब्द पदवीसारखा लावलात. ताईला इथे संशोधनाची नोकरी लागली आणि तुम्ही तिच्या मागोमाग आलात, तेव्हा तुमच्या पहिल्या ईमेलखाली सही होती: वेंडेल, दाजी.

लोकांना हसवणं हा तुमचा धंदा. टीव्हीवरच्या विनोदी मालिका लिहायच्या आणि त्यांतच लहानसहान कामं करायची. मी एकदा यादी केली होती. वाढपी अकरा वेळा, दंतवैद्य चार वेळा, चुकीच्या दारातून आत येणारा शेजारी सलग सहा वर्षं, प्रेत दोनदा. दुसऱ्या वेळी तुम्हाला मधेच बदललं, कारण प्रेत श्वास घेत होतं. "मी लेखकही होतो ना," तुम्ही सांगायचात, "वाटलं, पात्राला थोडी आशा ठेवावी."

गुरुवारी अंत्यसंस्काराआधी तुम्हाला पाहिलं. या वेळी काम अगदी चोख होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

आकड्यांची गोष्ट सुरू झाली जुरोंग ईस्टच्या हॉलमध्ये. तुम्ही इथे येऊन तीन महिने झाले होते आणि जयंतीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणा मिळत नव्हता. कांबळेकाका, म्हणजे आपल्या मंडळाचं सूत्रसंचालन, आभारप्रदर्शन आणि मधलं सगळं, यांनी तुम्हालाच उभं केलं. ओळख करून देताना ते म्हणाले, "अमेरिकेचे ज्येष्ठ अभिनेते, लेखक व विचारवंत." तिसरा शब्द ताईने तुम्हाला सांगितलाच नाही.

तुम्ही पंचवीस मिनिटं बोललात. अकरा वाढप्यांचे अकरा किस्से. प्रत्येक किस्सा संपला की थांबायचात. समोर ऐंशी माणसं ताठ बसलेली, हात मांडीवर. पुढच्या रांगेतल्या दोघांनी लिहून घेतलं. शेवटी टाळ्या बऱ्याच झाल्या. शाल झाली, ग्रंथ झाला. मग कांबळेकाका उठले आणि म्हणाले, "प्रमुख पाहुण्यांनी अमेरिकेतील वाढप्यांच्या प्रश्नांना आज वाचा फोडली. आपल्या मुलांनी यातून बोध घ्यावा."

परतीच्या एमआरटीत, मेट्रोच्या डब्यात, तुम्ही शाल मांडीवर घेऊन बसला होतात. तिसऱ्या स्टेशनाला मला विचारलंत:

"ते चिडले होते का?"

"छे. आवडलं त्यांना," मी म्हटलं.

"मग हसलं का नाही कोणी?"

"प्रमुख पाहुण्यांना कोण हसेल?"

तुम्ही शालीची घडी घातलीत. मग म्हणालात, "मला लोकांनी बाटली फेकून मारली आहे, मिलिंद. शाल पहिल्यांदाच."

तुमच्याकडे मालिका लिहिताना आठ लेखक एका टेबलाभोवती बसत, आणि एक माणूस फक्त हशे मोजायला असे, हातात घड्याळ घेऊन, हे तुम्ही मला त्याच प्रवासात सांगितलंत. हसण्याची मोजणी करणारा माणूस पगारावर ठेवतात, हे ऐकून तुमच्या देशाबद्दल माझा आदर वाढला. माझ्या खिशात नेहमीप्रमाणे स्टीलचा काउंटर होता. बटण दाबलं की आकडा एकाने पुढे जातो. पोती, खोकी, पिंपं, काहीही मोजा. मी तो काढून दाखवला.

तुम्ही विचारलंत, "या बेटावर हसवायला सगळ्यांत अवघड माणूस कोण?"

मी आणि ताई एकदम म्हणालो, "आई."

आई चौतीस वर्षं पिंपरीच्या शाळेत गणित शिकवायची, शेवटची नऊ वर्षं मुख्याध्यापिका. आता ब्याऐंशीची आहे आणि बुकित पंजांगला आमच्याकडे असते. तिला इंग्रजी नीट कळतं, पण ती उत्तर मराठीत देते, म्हणजे समोरच्याला कष्ट पडतात. एका वर्गात साठ पोरं, आणि साठांचा एकच उद्योग, बाईंना हसवायचं. एकालाही जमलं नाही. ही ख्याती मी तुम्हाला सांगितली आणि तुमचे डोळे चमकले.

पैज अशी ठरली. आई हसली, तर मी चारचौघांसमोर तुमचा एक प्रवेश करून दाखवायचा. नाही हसली, तर तुम्ही एक दिवस माझ्याबरोबर बंदरात उन्हात उभं राहून माल मोजायचा.

"किती माल?"

"येईल तेवढा."

नियम मी लिहिले. आवाज यायला हवा, नुसतं स्मित धरायचं नाही. पाच सेकंदांच्या आत यायला हवा. तिसरा नियम, तुम्ही तिथे हजर हवेत. ठसका, उचकी, शिंक बाद. माझी मुलगी मित्रा हिने गुदगुल्यांचं विचारलं, म्हणून तोही एक नियम घातला. तुम्ही न वाचता सही केलीत. मी तेव्हाच म्हटलं होतं, वाचून करा.

पुढच्याच रविवारी तुम्ही तुमचं ठेवणीतलं हत्यार काढलंत. आईने मटणाचा रस्सा केला होता. तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकलात, मोठा बाउल काठोकाठ भरलात आणि ओट्यापासून टेबलाकडे निघालात. सहा पावलं. पहिल्या पावलाला रस्सा काठावर आला. तुम्ही थांबलात, इकडेतिकडे पाहिलंत, सांडू नये म्हणून एक घोट घेतलात. दुसऱ्या पावलाला पुन्हा एक. तिसऱ्याला जरा मोठा. चेहऱ्यावर फक्त जबाबदारी. टेबलापाशी पोचलात तेव्हा बाउल रिकामा. तो तुम्ही आईपुढे दोन्ही हातांनी, देवाणघेवाणीत कुठेही खोट नसल्यासारखा ठेवलात आणि ताईकडून पाठ केलेल्या मराठीत म्हणालात, "गरम आहे, जपून."

मित्रा खुर्चीवरून पडली. सविता, माझी बायको, पदरात तोंड घालून बाहेर गेली. माझा अंगठा काउंटरवर होता आणि नजर आईवर. एक, दोन, तीन, चार, पाच.

आई म्हणाली, "कळलं. मग?"

ताईने भाषांतर केलं. तुम्ही म्हणालात, "मग काही नाही. एवढंच आहे."

"चाळीस वर्षं एवढंच?"

"हो, आई."

"चव कशी होती?"

"उत्तम."

"मग पातेल्यातला पण पिऊन टाक. बाकीचे पाणी पितील."

मी वहीत शून्य लिहिलं. तुम्ही वाकून बघितलंत आणि चक्क खूश झालात. खरं सांगतो, हरल्यावर इतका खूश झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आता इथून पुढे तुम्हाला ठाऊक नसलेलं. तुम्हाला आणि ताईला लिफ्टपर्यंत सोडून मी परत आलो. स्वयंपाकघरात आई एकटी होती. तिने तोच बाउल नळाखाली भरला आणि ओट्यावरून फ्रिजकडे निघाली. थांबली. घोट घेतला. पुन्हा एक पाऊल, पुन्हा घोट. फ्रिजपाशी पोचल्यावर तिने रिकामा बाउल फ्रिजला दाखवला आणि म्हणाली, "गरम आहे, जपून." आणि दाजी, ती हसली. आवाज करून हसली. सिंक धरून हसली. चष्मा काढून ओट्यावर ठेवायला लागला.

मला पाहिल्यावर गप्प झाली.

"आई, तू हसलीस."

"ठसका लागला."

"फ्रिजशी बोलताना?"

तिने चष्मा पुसला. "त्याला सांगशील तर खबरदार. वर्गाला एकदा कळलं ना, की बाईंना हसू येतं, की वर्षभर कोणी गणित करत नाही. चौतीस वर्षं मी स्टाफरूमचं दार लावून हसले आहे."

"दाजी काय वर्गातले पोरगे आहेत?"

"आहे. शेवटच्या बाकावरचा. असली पोरं बाई हसल्या की थांबतात, काम झालं म्हणून. येऊ दे त्याला दर रविवारी. तो आला की प्रज्ञा येते." मग बाउल उपडा घालत म्हणाली, "आणि तुझ्या नियमात बसतं का हे? तो हजर होता का?"

नव्हतात. नियम तीन.

तर अशी फसवणूक झाली. पासिर रिसहून बुकित पंजांग, एमआरटी आणि मग छोटी एलआरटी, सव्वा तास यायला, सव्वा तास जायला. पैज लागल्यापासून तुम्ही चारशे छत्तीस रविवार आलात. माझ्या अमेरिकन दाजींना या बेटाची दोन टोकं जोडून दाखवायला कोणी सांगितलं नव्हतं. एका निवृत्त मास्तरणीने न हसून ते करवून घेतलं. आणि मी वहीच्या शेवटच्या पानावर, जिथे तुम्ही कधी पाहणार नाही अशा ठिकाणी, वेगळा रकाना आखला: स्वयंपाकघर. तुम्ही गेल्यावर मी दाराआड उभा राहून मोजायचो. एक्केचाळीस. साधारण साडेदहा रविवारांमागे एक. छत्रीचा प्रवेश, दंतवैद्याला स्वतःचाच दात दुखतो तो प्रवेश, आणि तो एक रविवार, जेव्हा तुम्ही काही केलंच नाही, फक्त आमच्या कपडे वाळवायच्या बांबूशी अर्धा तास भांडलात, तेही खरोखरचं. त्या दिवशी ती दोनदा हसली.

आपला वाद राहिलाच. तुमचं म्हणणं, हशा हा नग नाही, पोत्यासारखा उतरत नाही. एक माणूस मनाविरुद्ध हसला तर तो भरलेल्या नाट्यगृहाएवढा. माझं म्हणणं, एक म्हणजे एक. तुमच्या जुन्या मालिकांमध्ये यंत्राने भरलेलं हसू असायचं, ते वजा केल्यावर तुमच्या कारकिर्दीत किती उरतं, असं मी एकदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "माझ्या वडिलांनीही हेच विचारलं होतं. तू त्यांना आवडला असतास." मी तेव्हा ते कौतुक म्हणून घेतलं. आता खात्री नाही.

तुम्ही गेल्याचं कळलं त्या दुपारी आई जेवली नाही. मला म्हणाली, "रविवारी तुझ्या कानाशी काय विचारत होता तो?"

"तुझा आकडा."

"काय सांगितलंस?"

"शून्य."

"बरोबर सांगितलंस," ती म्हणाली. बराच वेळ बोटांनी टेबलाची कड मोजत बसली. मग म्हणाली, "नको होतं सांगायला तसं."

मी पैज हरलो होतो, दाजी, आठ वर्षांहून जास्त झाली. देणं लांबवत होतो.

तर मागचा रविवार. त्रिशरण झालं, पंचशील झालं, जलदान झालं. ताईने तुमचा तो वाढप्याचा फोटो ठेवला होता, हातात ट्रे, चेहऱ्यावर जबाबदारी. पाच जण बोलले. कांबळेकाकांनी तुम्हाला पुन्हा विचारवंत केलं. या वेळी ताईने मान डोलावली, जणू ते कायमच खरं होतं. मग ते म्हणाले, "आता मिलिंदराव दोन शब्द बोलतील."

मी बोललो नाही. चहाच्या टेबलावरून स्टीलचा बाउल घेतला, काठोकाठ पाणी भरलं आणि तुमच्या फोटोकडे निघालो. मोजून सहा पावलं.

मला हे आधी सुचायला हवं होतं. जलदान होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती, आणि मी दोन्ही हातांत पाणी घेऊन फोटोकडे चाललो होतो. कांबळेकाका उठून उभे राहिले. त्यांना पाहून सगळे उभे राहिले. हात जोडले गेले. पहिल्या पावलाला पाणी काठावर आलं. मी थांबलो, इकडेतिकडे पाहिलं, घोट घेतला. कोणीतरी हळूच विचारलं, "हे पण असतं?" दुसरं कोणी म्हणालं, "तिकडच्या पद्धतीचं असेल. अमेरिकेतलं." दुसरं पाऊल, दुसरा घोट. मागे एका लहान मुलाने आईला विचारलं, "आपण कधी प्यायचं?" मी घामाघूम झालो होतो. तुम्ही हे चाळीस वर्षं कसं केलंत? पोती मोजणं फार सोपं आहे, तुम्ही पैज हरायला हवी होतीत.

फोटोपाशी पोचलो. बाउल रिकामा. तो दोन्ही हातांनी तुमच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "गरम आहे, जपून."

बावीस माणसं हात जोडून उभी. हशे: शून्य. जयंतीच्या हॉलमध्ये तुम्हाला जे वाटलं असेल ते मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं. एक सेकंद. दोन.

तिसऱ्या सेकंदाला पहिल्या रांगेतून आवाज आला. आईचा. उघड्यावर, भरल्या वर्गात, सगळ्या पोरांसमोर. आधी नाकातून, मग तोंडातून, मग तिने समोरच्या खुर्चीची पाठ धरली. पुढे ते चिनी आजोबा हसले. ते बहुधा पहिल्या घोटापासून कोणीतरी सुरुवात करायची वाट पाहत होते. मग ताई. मग सगळे, जोडलेले हात तसेच ठेवून.

"आई, तू हसलीस!" ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

आई चष्मा काढत म्हणाली, "सुटली आता शाळा."

माझा अंगठा काउंटरवर होता. आवाज होता, वेळेत होता. पण नियम तीन. मी अडलो. मित्रा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली:

"पप्पा, व्हाय नेव्हर प्रेस?"

"दाजी हजर हवेत."

तिने फोटोकडे बोट केलं. "अंकल इज देअर, लाह. स्टँडिंग ओन्ली. प्रेस, प्रेस."

दाबलं.

आभार कांबळेकाकांनीच मानले. म्हणाले, मिलिंदरावांनी आज पाणी जपून वापरण्याचा मोलाचा संदेश दिला. कोणी हसलं नाही. तुम्हाला फार आवडलं असतं.

घरी आल्यावर वही पुरी केली. आईचे हशे, तुमच्या समोर, पाच सेकंदांच्या आत: एक. स्वयंपाकघरातले, नियमाबाहेर ठेवलेले: एक्केचाळीस, ते आईच्या संमतीने नियमात घेतले. एकूण बेचाळीस, सगळे वेंडेल दाजींना पोचते. पैजेचा प्रवेश एक, मीच दिला, तोही त्यांनाच. पोच म्हणून ताईने खाली सही केली. न वाचता केली. मी म्हटलं, वाचून कर. तेव्हा तिने शेवटचं पान उघडलं, स्वयंपाकघर, आणि तारखा एकेक करून सगळ्या वाचल्या.